जयवंताला न विचारता

जयवंता माझी धाकटी जाऊ. लोधिवलीची लेक, पोशीरची सून. तिचा चढा आवाज मी कधी ऐकला नाही, आणि याचाच मला राग यायचा. सासूबाई तिला बारशाच्या घरी पाठवत नसत, ओटी भरायला पुढे होऊ देत नसत. ही बया मुकाट्याने माझ्या पोरांचे डबे भरत बसायची. तिच्या वतीने भांडायचे मी. मी स्वभावाने तापट, तोंडाने त्याहून.

तिला मूल झालंच नाही असं नव्हतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती लोधिवलीला गेली होती. तिथल्या सरकारी दवाखान्यात मुलगा झाला आणि बारशाआधीच गेला. त्यानंतर तिची कूस उजवली नाही ती नाहीच. सहा वर्षं गेली. नवस झाले, अंगारे झाले, वैद्याच्या पुड्या झाल्या. एका डॉक्टरने तर हात न लावता गोळ्या लिहून दिल्या. दर ठिकाणी तिची आई, जिजा, सोबत असायची. डोंगरावरच्या देवीला म्हातारी अनवाणी चढली, लेकीच्याही पुढे.

यंदा मावससासूने माझ्या दिरासाठी, प्रवीणसाठी, दुसरी मुलगी बघितली. अगदी उघड. मी कायद्याची भाषा केली तर सासूबाई म्हणाल्या, "मंग फारकत हाय की." प्रवीण खोपोलीला कंपनीत कामाला, चांगला शिकलेला. तो भिंतीकडे बघत बसला. त्याने होकार दिला नाही, पण नकार तरी कुठे दिला? मी घर डोक्यावर घेतलं. आधी कर्जतच्या वंध्यत्वाच्या दवाखान्यात दोघांना दाखवायचं, मग काय ते बोलायचं, म्हटलं.

प्रवीणची तपासणी आधी झाली आणि सगळं ठीक निघालं. घरात पेढे वाटायचेच काय ते राहिले. आता सगळं जयवंतावर आलं. तिच्यात दोष निघाला की तिचं बोचकं लोधिवलीला जाणार, हे तिला कळत होतं आणि मलाही.

तिच्या तपासणीच्या दिवशी प्रवीण बाहेर बाकड्यावर बसला. आत टेबलावर जयवंता, तिच्या उशाशी मी आणि जिजामावशी. डॉक्टरीणबाई सोनोग्राफी करता करता थांबल्या. पुन्हा बघितलं. मग सरळच विचारलं, "अहो, तांबी बसवलेली असताना मूल कसं राहील? काढायची राहिली का?"

आम्हाला कळेचना. तांबी म्हणजे दोन मुलांत अंतर राहावं म्हणून पिशवीत बसवतात ती. ती हिच्यात कुठून येणार?

"मी नाय बसवली," जयवंता म्हणाली.

"दुसऱ्या कुणाचा फोटो लागलाय तुमच्या मशिनीत!" मी ओरडलेच. बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. ती छोटीशी पांढरी रेघ मलासुद्धा दिसली. सहा वर्षं! सहा वर्षं वांझ म्हणून जिच्या हातचा नारळ कुणी घेतला नाही, तिच्या पोटात ही बसली होती, आणि तिलाच माहीत नव्हतं!

"बाळंतपणानंतर लगेच बसवली असेल," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं?"

"मला इचारलेलं," जिजामावशी म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हातारी खाली फरशीवर बसली होती.

"तू निपचित पडलेलीस गं. अंगात रगत नव्हतं. नर्सबाय बोलली, दोन वरीस पोर नको, नायतर पोरगी हातची जाईल. म्या हो म्हनलं. तू माज्या घरी होतीस, माजी जबाबदारी होतीस. बरी झालीस का सांगनार व्हते. मंग पोरच गेलं. पोर गेलेल्या बाईपुढं त्या दिसाचं नाव काडत नाय आमी. कसं काडू?"

"आन् नंतर?" जयवंताने विचारलं. आवाज इतका बारीक की यंत्राच्या घरघरीत हरवून गेला असता.

"नंतर तुज्या सासरचा धाक वाटला. बोलतील, आयनंच पोरीचा संसार बुडवला. आन् वाटलं, तांब्याचं भांडं घासून झिजतं, तशी एवढ्या वरसांत झिजून गेली आसंल. म्हनून तर देवीला गेलते."

मला म्हातारीचं नरडं धरावंसं वाटलं आणि तिला पोटाशीही धरावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. जिच्या अंगात बसवायची तिला विचारायला त्या दवाखान्यात कुणालाच कशी सवड झाली नाही, हेच डोक्यात फिरत राहिलं.

बाईंनी प्रवीणला आत बोलावून समजावलं. तांबी काढणं अगदी सोपं, बाकी सगळं चांगलं दिसतंय, मूल राहायला अडचण वाटत नाही. प्रवीणचा चेहरा उजळला. "म्हंजे पोर हुईल? मंग काडा की आत्ताच!"

"काढा, काढा," मीही म्हटलं. मावशीही फरशीवरून मान हलवत होती. बाई हातमोजे घालू लागल्या.

"थांबा." जयवंता उठून बसली. साडी सारखी केली. मग प्रवीणकडे बघून म्हणाली, "तुमच्या मावशीनं पोरगी बगितली तवा तुमी 'नको' बोललात का?"

"अगं, ते आता कशाला…"

"बोललात का?"

प्रवीण खाली बघू लागला. मी मध्ये पडले. "जयवंते, ते घरी भांड. मी हाय तुझ्या बाजूनं. आता काढून घे मुकाट्यानं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. "जाऊबाय, तवा आय हो बोलली. आज तुमी काडा बोलता. मला इचारलं कुनी?"

मी टेबलापासून मागे सरकले.

ती टेबलावरून उतरली, चपला पायात सरकवल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आज नको. मला पोर हवं का, आन् यांचंच हवं का, ते मी ठरवनार. मी एकटी यीन. तवा काडा."

बाईंनी हातमोजे काढून ठेवले. आम्ही तिघं होतो तिथेच राहिलो. तिच्यामागून बाहेर जायचं की नाही, हेसुद्धा आम्हाला सुचत नव्हतं.