फाइल हातात धर, मग वाच

मैंदर्गीहून अण्णांच्या मुलीचा फोन आला. "अण्णा गेले... झोपेतच." महिना झाला त्याला. नव्वदीपर्यंत ठणठणीत जगलेल्या माणसासाठी रडायचं तरी कसं? त्यांची आठवण आली की मला हसूच येतं.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका गिरणीच्या रेकॉर्ड रूममध्ये अण्णा हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवी. फाइल हवी असेल त्यानं चिठ्ठीवर नाव लिहायचं. कुणी शहाणपणा करून 'शेजारच्या खोलीतलं वरचं कपाट' असं लिहिलं, की चिठ्ठी परत. "तुमी नाव तेवढं सांगा. कपाट कुटलं, ते मी बघतो की." नावात अक्षरं-आकड्यांखेरीज रेघोट्या दिसल्या तरी परत, साहेबांचीसुद्धा! मला तो निव्वळ खाष्टपणा वाटे.

एकदा नरसय्या नावाच्या बदली विणकराला कायम करायचं की नाही, ते ठरत होतं. मी त्याची फाइल काढली, नाव तपासलं, टेबलावर ठेवली आणि सहीचं रजिस्टर आणायला गेले. तेवढ्यात कुणीतरी तिच्यावर दुसरी फाइल ठेवली. परत येऊन मी न बघता वरचीच उचलून साहेबांकडे नेली. साहेब कशाला नाव वाचतायत! आत गैरहजेरीचे शेरेच शेरे. त्यांनी नरसय्याला घालवून दिलं. इकडे टेबलावर उरलेली फाइल पाहून अण्णांना उलगडा झाला आणि ते अनवाणीच धावत सुटले... नरसय्या गेटपाशी पोचला होता. त्याला हाताला धरून परत आणलं, साहेबांपुढे चूक स्वतःच्या अंगावर घेतली. नरसय्या त्याच दिवशी कायम झाला. माझी मात्र नोकरी गेलीच, असं मी धरून चालले होते. अण्णा एवढंच म्हणाले, "नाव बघून खाली ठेवलीस, तितं चुकलं. फाइल हातात धर, मग वाच. आन् काम होईस्तवर सोडू नको."

पुढे पुण्यात मी सी भाषेत प्रोग्राम लिहू लागले. तिथंही बाहेरचा माणूस फाइलचं नाव देतो आणि प्रोग्रामनं ती शोधायची असते. नावात फोल्डरची वाट सांगणाऱ्या तिरप्या रेघा मी चालू देत नाही, कपाट मीच ठरवते. फाइल आधी उघडते आणि जी उघडली तीच तपासते; नाहीतर मधल्या क्षणात कुणी त्याच नावानं दुसरीच फाइल तिथं ठेवू शकतो. हे ऐकून अण्णा लई खूश झाले होते. "म्हंजे तितंबी रेकॉर्ड रूमच हाय की!"

परवा एका सहकाऱ्यानं फाइल आधी तपासली होती आणि नंतर उघडली होती. मी त्याचा प्रोग्राम परत केला. तो कुरकुरला, "मॅडम, मधे असा कितीसा वेळ जातो?"

"माणूस गेटपर्यंत पोचतो," मी म्हणाले.