छतावरचा बैल

तहसील कचेरीसमोर मी अर्ज लिहितो, तेथे काम मिळेपर्यंत माझ्या टेबलापाशी बसून राहणारा एक रंगारी माझ्या परिचयाचा आहे. सदर इसम माणसांना साहेब म्हणतो आणि छतांना बे. जुन्या छतांवरचे खडबडीत टेक्स्चर खरवडणे हा त्याचा व्यवसाय असून, आधी खाली आडवे पडून छत न्याहाळल्याशिवाय तो खरवडायची पट्टी उचलीत नाही.

माझ्या घरचे छत खरवडण्यास मी त्याला बोलावले, तेव्हा तो अंथरुणास खिळलेल्या माझ्या वडिलांशेजारी आडवा झाला. मग पाणी फवारून, "उतर बे," म्हणत त्याने अर्धे छत उतरवले. तोच वडील कळवळून म्हणाले, "त्या बैलाले खरडू नको बाबू. दिवसभर मी त्याच्यासंगच बोलतो."

तेथे बैल नसून केवळ पुट्टीचे उंचवटे आहेत, हे मी वडिलांना रीतसर समजावू लागलो. रंगाऱ्याने मला हातानेच थांबवले.

"आबा, शिंगं कुठवर हायेत?"

"पंख्यापर्यंत."

"अन् शेपूट?"

"थे तं तू आत्ताच खरडलं."

त्याने पुट्टी कालवली आणि वडील सांगतील तसे शेपूट पुन्हा बसवून दिले.

उर्वरित छत आता गुळगुळीत आहे. मला तेथे अद्याप बैल दिसत नाही; तथापि पाहुण्यांनी त्या खडबडीत भागाविषयी विचारल्यास, तो बैल आमचाच आहे, असे मी ठामपणे सांगतो.