ताईची गुलाबी बाटली
ताईच्या नातवाला घामोळं आलं म्हणून परवा कॅलामाइनची बाटली उघडली आणि त्या खडूसारख्या वासाने मला थेट तलासरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये नेलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. घरात मला मुलगा समजत आणि मी ताईवर जळायचे, तिच्या या गुलाबी औषधावर तर फारच. तिला दोन पुळ्या आल्या की आई कापसाने हळुवार ते लावायची, माझा सगळा चेहरा पुळ्यांनी भरला, तरी म्हणायची, "मुलांचं आपोआप जातं." मग मला दाढी फुटली. बंबातली राख चिमटीत घेऊन मी एकेक केस उपटायचे. शेवटी हनुवटी पिकली, तेव्हा ताईला डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे नेताना आईने मलाही बरोबर घेतलं. त्या गुजराती बाईंनी हनुवटी निरखली आणि हळूच विचारलं, "दाढी नाय पाहिजे, बेटा?" मी "नको" म्हटलं. "काय ही पोरींसारखी थेरं!" आई चिडली. बाई मला म्हणाल्या, "उपटू नको, पिकते. कातरीने बारीक काप." आणि आईला, "पोरीला कॅलामाइन लावता ना, तसंच याला पण लावा. तुमच्या हाताने." संध्याकाळी आईने कापूस घेतला आणि आधी मला लावलं. "माझं औषध संपवतोय हा!" ताई फणफणली. माझ्यावर कुणी जळावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. परवा ताई शेजारीच बसली होती. मी मुद्दाम थोडं माझ्या गालालाही लावलं.