भायांचं जाकीट

गंगाखेडला बसस्टँडमागच्या गल्लीत एक जुने टेलर मास्तर आहेत. मी त्यांच्याकडं शिकायला गेले तेव्हा माझी नात कॉलेजात जायला लागली होती, आता त्यावरून माझं वय तुम्हीच धरा. ब्लाउज मी जन्मभर शिवले. गावातल्या निम्म्या लेकी माझ्या हातचे ब्लाउज घालून नांदायला गेल्या. पण कोट, जाकीट हे पुरुषाचं शिवण मला कधी उमगलं नव्हतं. त्याची छाती अशी भरून कशी दिसते, गळपट्टी मानेला कशी धरून बसते, ते शिकायची लय हौस होती. लेकरं मार्गी लागली, डोळेही अजून सुईत दोरा ओवत होते, म्हणून एक दिवस एसटीत बसले आणि गेले.

मास्तर आधी हसले. मग म्हणाले की हल्लीची पोरं पुण्याला कंपनीत जातात, माझ्याजवळ शिकायला कोणी बसत नाही, तर तुम्हीच बसा. पण त्यांची रीत कडक. आधी काज, निव्वळ काज. चिंध्यांवर काजं करून करून अंगुस्तान्याचा वळ माझ्या बोटावरून जाईना. मग तुरपाई, मग कच्चे टाके. गिऱ्हाइकाच्या कापडाला मात्र कात्री लावू द्यायचे नाहीत. ती कधी, असं विचारलं की एकच उत्तर. घरच्या एका माणसाला अंगाबरोबर बसणारं एक जाकीट शिवून आणा, मी बघतो, मग कात्री तुमची.

आमच्या ह्यांना जाकीट म्हटलं तरी उकडतं. उरले माझे भाया, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. त्यांच्या नातीचं लग्न जवळ आलं होतं, अंगातलं जाकीट विरलं होतं आणि दुकानातलं तयार त्यांना पसंत पडत नव्हतं. मी जाऊबाईंजवळ शब्द टाकला. त्यांनी होकार आणला.

आता गंमत ऐका. आमच्यात भायांसमोर डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोरासमोर बोलायचं नाही, आणि अंगाला हात लावणं तर लांबच. लग्न होऊन आल्यापासून आमचं बोलणं मधल्या माणसाकडून. कोणीच नसलं तर मी कपाकडं बघून म्हणणार, चहा निवायलाय. ते भिंतीला सांगणार, ठेव म्हणावं. मग माप घ्यायचं कसं? मी जाऊबाईंकडून त्यांचं जुनं जाकीट मागून घेतलं. खेड्यात असंच चालतं, मापाला जुना कपडा द्यायचा. त्यालाच टेप लावला आणि नवं शिवलं. काजं तर अशी उतरली की मीच येता-जाता बघत होते.

भायांनी ते मास्तरांच्या दुकानात घालून बघितलं. मास्तरांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली आणि ते स्टुलावर बसले. जाकीट पुढून लोंबत होतं, मागून वर चढलं होतं, गळपट्टी मानेपासून सुटून उभी. जुनं शिवलं तेव्हा भाया ज्वारीच्या ताटासारखे सरळ होते. आता पाठीला बाक आलाय. मी ज्याचं जाकीट शिवलं तो तरणा माणूस आमच्या घरात राहिलाच नव्हता.

"बाई, कपड्यावरून कपडा शिवला की असंच व्हतंय," मास्तर म्हणाले. "माणसावरून शिवा. घ्या टेप."

"तुमी घ्या ना माप. मी लिहून घेते."

"मंग जाकीट माझं झालं, तुमचं न्हाई."

झालं, कात्री चालली हातची. मी पदर डोईवर घट्ट ओढला आणि टेप घेऊन भायांच्या पाठीमागं उभी राहिले. तर काय, मी मागं आलेली कळताच त्यांनी पाठ ताणली.

"मास्तर, त्यांना म्हणावं रोज उभं राहता तसं राहा."

मास्तरांनी वकिलासारखं तोंड करून ते पुढं सांगितलं.

"मास्तर, तिला म्हणावं चार लोकांत वाकून कोण उभं राहतंय?"

बाहेर चहा पिणारी माणसं हसायला लागली. आता भायांना सैल कसं करावं? मी मास्तरांना म्हटलं, विचारा बरं, ऊसतोडीची टोळी आली का. बस्स. टोळी आलीच नव्हती. भाया सुरू झाले. मुकादमानं कसं झुलवलं, ऊस फडात कसा वाळायलाय, आणि बोलता बोलता पाठ आपोआप खाली आली. तेवढ्यात मी मानेपासून कमरेपर्यंत टेप सोडून माप धरलं. पुढच्या मापाला समोर जावं लागलं, तर नजर तिसऱ्या बटणावर ठेवली. ते अजून मुकादमालाच शिव्या देत होते.

जाकीट उसवलं. पाठ नव्यानं, लांब कापली, पुढचं आखूड केलं, गळपट्टी उतरवून परत बसवली.

पुढच्या खेपेला भाया ते घालून आरशासमोर उभे राहिले. एकदा वळले, पुन्हा वळले. मग आरशातूनच माझ्याकडं बघितलं.

"आतून एक खिसा पायजे. अडकित्त्याला."

मास्तर सवयीनं माझ्याकडं वळले. "बाई, ते म्हणायलेत आतून..."

"तुमी ऱ्हाऊ द्या मास्तर, मी तिलाच सांगायलोय."

एवढ्या वर्षांत सरळ बोलायची वेळ आलीच नव्हती.

"कोणत्या बाजूला?" मी विचारलं.

"डावीकडं."

मास्तरांनी मोठी कात्री मुठीकडून माझ्यासमोर सरकवली. भायांनी स्टूल ओढलं, म्हणाले खिसा झाल्याबिगर जात न्हाई. मी अस्तराचं कापड पसरलं, खडूनं आखलं आणि त्यांच्यादेखत कापायला घेतलं.