नसीमने वाढवलेल्या पेशी

शाळेत पोरांना खिचडी वाढली जात होती तेव्हा फोन आला. नसीमचा धाकटा भाऊ रफीक होता. "ताई, आपा गेली... झोपेतच," एवढंच बोलू शकला. मी सिंदेवाहीला शिकवते. त्या दिवशी पुढचे तास कसे घेतले, आठवत नाही.

नसीम आणि मी आरमोरीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तिचे अब्बा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. ते मशीन उघडून बसले की ही शेजारी उकिडवी. पुढे कर्करोगात पेशीच्या आत नेमकं काय बिघडतं, हे शोधणं हेच तिचं आयुष्य झालं. बंगळूरची चांगली नोकरी सोडून ती नागपूरच्या प्रयोगशाळेत आली. "आपल्या इथी घरोघरी तंबाखू-सुपारीचा खर्रा खातेत. मी तिथी बसून काय करू?" म्हणाली होती.

त्याच खर्र्याने माझ्या मोठ्या भावाला, मुरलीभाऊला, गाठलं. धानाची शेती करणारा, बोलका माणूस. गालात गाठ आली आणि तोंड उघडेना. नागपूरला ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी नसीम त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसली. काढलेल्या गाठीचा एक तुकडा तिला संशोधनासाठी हवा होता. पेशीची वाढ थांबवणारा एक ब्रेक असतो, तो या गाठीत कुठेतरी तुटलाय, तेच शोधायचंय, असं तिने समजावलं.

"मंग मी बरा होईन का त्यानं?" भाऊने विचारलं.

मला वाटलं, ती धीराचं काही बोलेल. ती म्हणाली, "नाई भाऊ. तुमाले त्याचा फायदा नाई होणार. झाला तर पुढच्याले होईल."

भाऊने गालातल्या गाठीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "घेऊन जा."

गाठ परत आली आणि भाऊ गेला. काही महिन्यांनी नसीम घरी आली. त्या तुकड्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काचेच्या बशीत अजून जिवंत आहेत, वाढताहेत, हे तिने आईला समोर बसून सांगितलं. आई ताडकन उठली. "माणूस गेला, अन् त्याले बशीत जिता काऊन ठेवला?"

"तुम्ही म्हणाल तर बंद करतो, काकू." त्या पेशी जगवायला तिने किती जीव ओतला होता, मला ठाऊक होतं. तरी तिने ते केलं असतं...

"पयले मले दाखव," आई म्हणाली.

नागपूरला आईने पदर सावरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आत एकमेकींना चिकटून, दाटीने वाढणाऱ्या पेशी. डोळा न काढताच ती म्हणाली, "हा माझा मुरली नाई. मुरलीले खाल्लं, ते हे होय."

"हो काकू. हे कशानं मरते, तेच औषधं टाकून पाह्यतो आम्ही."

"मंग ठेव."

पुढे दोन औषधं एकत्र दिल्यावर त्या पेशी मेल्या. मी फोनवर आनंदाने ओरडले, तर नसीम शांतपणे म्हणाली, "बशीत मेल्या. माणसात अजून कुठी?" ते काम अजून चालू आहे.

नसीम गेल्याचं घरी सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "आता त्या बशीतल्याले कोन मारन?"

"तिच्या हाताखालची पोरं आहेत तिथी," मी म्हणाले.

गेल्या आठवड्यात नागपूरला जाऊन पाहिलं. पेशी वाढवतात त्या खोलीच्या दाराशी नसीमच्या निळ्या रबरी चपला तशाच आहेत. कुणी उचलल्या नाहीत. तिचे विद्यार्थी येतात, शेजारी आपल्या काढतात आणि आत कामाला जातात.