लाल दिसेना तेव्हा

बारीकताई अंगाने काही बारीक नव्हती. चांगली उंच, भरलेली, जिना चढून आली की आधी घटाघट पाणी पिणारी बाई. पण काम बारीक म्हणून नाव बारीक. मशीनच्या पडद्यावर किंवा फोनवर नखाएवढी चित्रं असतात ना, घंटा, कुलूप, पंखा, तसली चित्रं ती काढायची. आयकॉन म्हणतात त्यांना. आधी ती दारावरच्या पाट्या रंगवायची. अक्षरं कापणारी यंत्रं आली आणि ब्रश गुंडाळून ठेवावा लागला. मग चाळिशी उलटल्यावर माउस हातात धरला. नवरा म्हणायचा, "उंदराला घाबरणारी बाई, आता दिवसभर माउस धरून बसते." ती हसायची. रंगावर आपला हात आहे, एवढा एकच अभिमान तिला होता, आणि तो तिने जिवापाड जपला होता.

ऑफिस लहानसं. एक मालक, एक कोड लिहिणारी मुलगी आणि ही. त्या मुलीला सगळे कोडवालीच म्हणत. बारीकताईला फोटो सॉफ्टवेअर शिकवलं ते तिनेच. "ताई, लेयर म्हणजे काचेवर काच ठेवायची. एका काचेवर रेघ, दुसरीवर रंग, तिसरीवर चमक. प्रत्येक काचेशेजारी छोटा डोळा आहे बघा. तो मिटला की ती काच दिसेनाशी होते." बारीकताईला ते पटकन कळलं, आणि तेव्हापासून तिने एकही लेयर बिननावाची ठेवली नाही.

एका मोठ्या कारखान्याचं काम आलं होतं. गॅसच्या नळ्यांवर नजर ठेवणाऱ्या खोलीत एक पडदा होता, त्यावर प्रत्येक नळीशेजारी एक ज्योत हवी होती. सगळं ठीक असेल तर हिरवी. गॅस गळायला लागला तर लाल.

त्या आठवड्यात तिचा उजवा डोळा ठणकत होता. बुबुळ फिरवलं की आत कळ यायची. पडद्याकडे बघून बघून झालं असेल म्हणून तिने अंगावर काढलं. ज्या दिवशी काम द्यायचं त्या सकाळी तिने फाइल उघडली, तर लाल ज्योत विटकरी दिसत होती. धुवून धुवून विटलेल्या कापडासारखी. तिने पडद्याचा उजेड वाढवला, कमी केला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. काही फरक नाही. मग तिची नजर कोडवालीच्या लालभडक पर्सवर गेली. तीही विटकरीच.

तिने उजवा डोळा तळहाताने झाकला. डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळं धूसर दाखवणारा. पण त्या धूसर डोळ्याला पर्स लालच दिसली.

आजवर सगळा भार ज्या डोळ्यावर, त्यानेच दगा दिला होता. सांगावं का? मालक तसे वाईट नव्हते. पण रंग न दिसणाऱ्या बाईला रंगाचं काम कोण देईल? उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ, आजचा दिवस निभावून नेऊ, असं तिने मनाशी ठरवलं. आकडे टाकून रंग घेता येतात, ते आकडे जुन्या फाइलीत होते. तिने गुपचूप कामाला सुरुवात केली. कोणी बघत नाही असं पाहून अधूनमधून उजवा डोळा झाकायची आणि डाव्याने खात्री करून घ्यायची.

निभावलंही असतं. पण दुपारी कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी बाई न सांगता येऊन थडकल्या, आणि खुर्ची ओढून थेट तिच्या शेजारीच बसल्या.

"लाल जरा मऊ वाटतोय. अजून भडक करता येईल? मी सांगते, तिथे थांबा."

आता डोळा झाकायची सोय नव्हती. बारीकताईने लेयरची नक्कल केली, नाव द्यायचं राहिलं, आणि रंगाची पट्टी सरकवायला लागली. तिच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक मळकट रंग सरकत होते.

"थांबा! हाच. तुम्हाला कसा वाटतो?"

"छान," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

मग बाईंनी हिरवाही बदलून घेतला; एव्हाना तिला तोही तसाच मळकट दिसत होता. आणखी एक नक्कल, तीही बिननावाची. बाई खूष होऊन उठल्या. "संध्याकाळी आमची माणसं हे चढवतील. लगेच पाठवा." मालक तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. "ताई, आटपा. बाई गाडीत बसायच्या आत फाइल मिळायला हवी त्यांना."

दोन चित्रं जतन करायची होती. एका काचेचा डोळा उघडायचा, दुसरीचा मिटायचा, जतन करायचं, मग उलट. पाठीवर मालकांचा श्वास जाणवत होता. तिने केलं आणि दिलं. कोडवालीने घाईत ती चित्रं न उघडताच सॉफ्टवेअरमध्ये बसवून पाठवून दिली.

"डोळ्यात घालायचे थेंब आणते," म्हणून बारीकताई खाली उतरली. समोर चौकातला सिग्नल लागला होता. गाड्या थांबल्या, ती रस्ता ओलांडायला निघाली आणि मधेच तिच्या मनात आलं, थांबायचा दिवा लागलाय हे आपल्याला कळलं कसं? रंग तर मळकट. कळलं, कारण वरचा दिवा लागला होता. आणि आपल्या ज्योतीला वर नाही की खाली नाही. दोन्ही ज्योती हुबेहूब सारख्या, फरक फक्त रंगाचा. जतन करताना कुठली काच उघडी होती?

तिला आठवेना. थांबलेल्या एका गाडीने हॉर्न दिला तशी ती वळली आणि धापा टाकत जिना चढली. दारातच म्हणाली, "मला लाल दिसत नाही."

कोडवालीला काही कळेना. "काय, ताई?"

"सकाळपासून दिसत नाहीये. अगं, आधी ती फाइल उघड. धोक्याची ज्योत बघ."

कोडवालीने उघडली. तिने तोंडावर हात ठेवला. मालक पुढे वाकले. "ही हिरवी आहे," ते हळूच म्हणाले. "गळतीला हिरवी गेलीय."

त्यांनी सुरक्षा अधिकारी बाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कोडवालीने कारखान्याच्या दारावर फोन केला. पहारेकरी म्हणाला, बाई आत गेल्या, तिथे फोन नेऊ देत नाहीत. "मग धावत जा, दादा! धावत जा आणि सांगा, ते चढवू नका!" ती ओरडली. बारीकताई भिंतीला टेकून उभी होती. तिला ती खोली दिसत होती, रात्रपाळीची माणसं, पडद्यावर शांत हिरव्या ज्योती, आणि नळीतून सुटलेला गॅस.

बऱ्याच वेळाने मालकांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले. मग मटकन खुर्चीत बसले. "अर्धं चढलं होतं. थांबवलंय. जुनं परत लावतायत."

बारीकताई तिथेच खाली बसली आणि रडली.

मालक चिडले, पण भलत्याच गोष्टीवर. "डोळा गेला म्हणून मी तुम्हाला हाकललं असतं? एवढंच ओळखलंत मला? सकाळी एक शब्द बोलला असता तर..." त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "चला, आधी दवाखान्यात."

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की डोळ्यामागच्या नसेला सूज आहे. दाखल करून सलाइनमधून औषध सुरू झालं. नवरा उशाशी बसून होता. सोलत असलेल्या फळाचा रंग तो दर थोड्या वेळाने विचारायचा. शेवटी ती वैतागली. "अहो, परीक्षा घेताय का माझी?" तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली, आणि तिच्या लक्षात आलं की हा आपल्यापेक्षा जास्त घाबरलाय.

लाल परत आला, पण सावकाश, आणि पुरता नाहीच. थोडा फिका राहिला. बारीकताई कामावर परतली ती मनाशी एक गोष्ट ठरवून. तिने ज्योतीची फाइल पुन्हा उघडली. धोक्याच्या ज्योतीभोवती टोकदार त्रिकोण काढला, ठीक असलेलीला गोल. प्रत्येक काचेला नाव दिलं. शेवटची तपासणी कोडवालीने करायची, असा नियमच तिने घालून घेतला. रंग काढून टाकून तिने ती चित्रं काळी-पांढरी करून पाहिली. तरी कुठली कोणती ते कळत होतं.

नवी चित्रं चढल्यावर सुरक्षा अधिकारी बाईंचा फोन आला. त्या दिवसापासून त्या तिच्याशी तुटक बोलत. आज आवाज वेगळा होता.

"एक सांगायचं होतं. आमच्या पडद्याच्या खोलीतला एक जुना माणूस आज माझ्याकडे आला. त्याला जन्मापासूनच लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. इतकी वर्षं शेजारच्याला काहीतरी निमित्त काढून विचारायचा. म्हणाला, आजपासून विचारायला नको. तुम्हाला भेटायचंय म्हणतो. त्याचं नाव सांगू?"

बारीकताईने इकडेतिकडे पाहिलं. मालक कागद चाळत होते, कोडवाली कानात गाणी घालून बसली होती.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "ते त्यांचं त्यांना सांगू दे. माझा नंबर द्या त्यांना. वाटलं तर करतील फोन."

त्याने केला. बराच वेळ दोघं बोलत होती.