खडूची खूण असलेला कॅन

रशीदमामू गेल्याचं मला घनसावंगीच्या स्टँडवर कळलं. जीप भरायची होती. मी मागच्या सीटवर मोबाइल बघत होते आणि वर्गाच्या ग्रुपवर मैत्रिणीनं एवढंच लिहिलं होतं, आपल्या लॅबचे मामू गेले... त्याला आता पाच आठवडे होतील. ते आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये शिपाई होते. त्यांच्याबद्दल लिहिणारी मी कोण, असं वाटतं. तरी लिहिते, कारण मी अजून कॉलेजात आहे ती त्यांच्यामुळे.

रोज सकाळी आमच्याआधी येऊन ते बोअरचं पाणी उकळत, त्याची वाफ थंड करून थेंब थेंब कॅन भरत. मग काचपट्टीवर कॅनमधला एक थेंब, शेजारी नळाचा एक, आणि पट्टी दिव्यावर. सुकल्यावर नळाच्या थेंबाजागी पांढरा डाग राही, कॅनच्या थेंबाजागी काहीच नाही. तेव्हाच कॅनवर खडूची खूण पडे.

पहिल्या वर्षी आम्हाला एकेक क्षार ओळखायला देत. मी कोणताही विरघळवून त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं, की ते दुधासारखं व्हायचं, म्हणजे क्लोराइडची खूण. सल्फेट सापडायचं, सोबत क्लोराइडही. मी 'मिश्रण' लिहायची आणि सर तांबडी रेघ मारायचे, कारण दिलेला पदार्थ शुद्ध असायचा. असं तीनदा झालं. घरात कॉलेज बघितलेलं कुणी नाही, विचारणार कुणाला... हे आपलं काम नव्हे असं ठरवून मी कॉलेज सोडायच्या दाखल्याचा अर्ज लिहिला आणि लॅबमध्ये ठेवलेली वही आणायला गेले.

काय झालं ते मामूंनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मग एका स्वच्छ नळीत नुसतं नळाचं पाणी घेतलं, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. नळी दुधासारखी झाली.

"यात तुझा क्षार कुठंय, पोरी?" ते म्हणाले. "कॅन काय शोभेला ठेवला का मी?"

मी हळूच सांगितलं, आमच्या गावात टँकरसाठी हंडे रांगेत लागतात. थेंब थेंब जमवलेलं पाणी काचा धुण्यात घालवायला हात होत नाही. ते हसले नाहीत.

"जपायसाठी न्हाई करून राह्यलो मी हे पाणी," ते म्हणाले. "तुमच्या नळ्या धुवायसाठीच हाय. वापर बिनधास्त."

त्या दिवशी त्यांच्यासमोर कॅनच्या पाण्यानं प्रयोग पुन्हा केला. नळी काचेसारखी नितळ राहिली. नुसतं सल्फेट. अर्ज वहीतच राहिला. पुढं मी कॅन उचलला की ते विचारायचे, "आज टँकर आल्ता का गं?"

परवा लॅबमध्ये गेले, तर त्यांनी भरलेला शेवटचा कॅन अजून तिथंच होता, वर खडूची खूण. सगळे दुकानातून आणलेलं पाणी वापरत होते, त्याला कुणी हात लावत नव्हतं. मलाही वाटलं, राहू द्यावा... मग मी माझ्या नळ्या घेतल्या आणि त्याच पाण्यानं धुतल्या, एकेक तीनदा, हात न आखडता. उरलेला एक थेंब काचपट्टीवर टाकून दिव्यावर धरला.

सुकला. डाग नव्हता.